पाणी डोक्यावरून, वाहतूक सुरळीत

पावसाने शहर तुंबलं होतं आणि दुपारपासून पोलीस नियंत्रण कक्षात वायरलेसवर बसलेल्या तिला उसंत नव्हती. भुयारी मार्गावर तिचा थोरला भाऊ हवालदार म्हणून उभा होता आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची खबर देत होता.

"पाणी कमरेला. गाड्या माघारी वळवतोय."

मग छातीला. मग गळ्याला.

"दादा, ड्यूटी गेली चुलीत, तू आधी वर ये!"

"गाड्या थांबतच नाहीत गं, आत घुसतायत," तो वैतागला. "सोडून कसा येऊ?"

त्यानंतर अर्धा तास नुसती खरखर. बचाव पथकाने कळवलं, भुयारी मार्ग छतापर्यंत भरलाय.

तेवढ्यात वायरलेस बोलला. आवाज दादाचाच होता, शांत, जराही दम न लागलेला.

"पाणी डोक्यावरून. वाहतूक सुरळीत."

तिने बटण दाबलं. "दादा, कुठली वाहतूक?"

"आत अडकलेली. किती वेळ ताटकळत ठेवू त्यांना? तुझ्याकडे वळवलीय. जरा वाट करून दे."

नियंत्रण कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात एक हॉर्न वाजला. त्याच्यामागे दुसरा, मग कंटाळलेल्या रांगेसारखे सगळेच.

दाराखालून हेडलाइटचा पिवळा उजेड हळूहळू आत सरकला.