सोळाचे पंचावन्न

रविवारी शेणव्याहून बाबांचा फोन आला. ते मुरबाडच्या थिएटरात प्रोजेक्टर ऑपरेटर होते. मी मल्टिप्लेक्सच्या पडद्यांचा उजेड मोजते.

"पडद्यावर सोळा फूट-लॅम्बर्ट उजेड म्हणजे तुमच्या नव्या मापात किती निट गो?"

"पंचावन्न! रोज काय विचारता बाबा? लिहून ठेवा." मी फोन ठेवला.

सोमवारी ते गेले.

दिवसकार्याला त्यांचे जुने मदतनीस बारकूकाका आले. मी म्हटलं, "शेवटी शेवटी बाबांच्या काही लक्षात राहत नव्हतं. तोच हिशेब रोज विचारायचे."

"नाय गो, कमळाकर कशाला विसरतोय! सोळाचे पंचावन्न त्यानंच माझ्याकडून पाठ करून घेतले. गेल्याच महिन्यात मी चुकलो, तर हसला मला."

काका गेल्यावर मी बाबांचा फोन हातात घेतला आणि कानाला लावला.



"बाबा, पुन्हा विचारा ना."