गच्चीवरचा स्टीरिओ

कावळा काही येईना.

रामवाडीतल्या घराच्या गच्चीवर अनिता हात जोडून उभी होती. कठड्यावर केळीच्या पानात खीर, वडे, वालाचं बिरडं. नवरा गेल्यानंतर पितृपंधरवड्यातलं हे दिनानाथचं पहिलंच पान. दीड वाजून गेला होता. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं, आणि समोरच्या माडावरचा एकुलता एक कावळा पानाकडे पाठ करून निवांत पिसं साफ करत होता.

रोह्याहून आलेल्या मोठ्या नणंदेची, रोहिणीवन्संची, वचनं देऊन संपली होती. सुरभीचं लग्न थाटात करू. धरमतरकडची शेती विकणार नाय. कावळा ढिम्म.

"दिनू माझा रुसणारा नव्हता गो," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या हातचं घेत नाय, म्हणजे तूच कायतरी दुखवलं असशील त्याला."

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. हे वाक्य संध्याकाळपर्यंत वडखळला पोचणार, हे अनिताला कळलं. आणि एकदा पोचलं की जन्मभर पुसलं जाणार नाही, हेही. तिनं पदर खोचला.

"सुरभी, तुझ्या लॅपटॉपवर कावळ्याचा आवाज मिळेल?"

लेक हसली. आईचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. "मिळेल. पण लॅपटॉपचा आवाज माडापर्यंत कसा जाणार?"

"बाबांचा स्टीरिओ वर आणू."

दोघींनी चार खेपा केल्या. स्टीरिओ पाटावर बसला, दोन स्पीकर दोन स्टुलांवर. जिन्यातून लांब वायर ओढून वीज आणली.

"पितरांच्या पानापुढं डीजे लावतेस?" वन्सं ओरडल्या.

"वेळ आली तर तोपण लावीन."

अनितानं कपाटातली एक नवी कोरी वायर आणून दातानं पाकीट फोडलं. एका टोकाला एकच पिन, दुसऱ्या टोकाला दोन, लाल आणि पांढरी. एकटी पिन सुरभीनं लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातली आणि बाकीच्या दोन घेऊन स्टीरिओच्या मागे चाचपडू लागली.

"तिथं नको, ते टेपचं. त्याच्या खालची जोडी."

"तुला गं कसं ठाऊक?"

"बघून बघून."

सुरभी लॅपटॉपवर कावळा शोधायला बसली. अनितानं पदराला हात पुसले, स्टीरिओचं मोठं गोल बटण धरलं आणि फिरवलं. स्पीकर नुसते खरखरले.

माडावरचा कावळा सुटला तो थेट पानावर. वड्याचा लचका तोडून, मान तिरकी करून तो अनितावर ओरडला.

"शिवला गो, शिवला!" वन्संच्या डोळ्यांना धार लागली. "काय हुबेहूब आवाज लावलास, सुरभी!"

"मी अजून कायच नाय लावलं, आत्या."

"लावायची गरजच नव्हती," अनिता म्हणाली. "तीस वर्षं तुझ्या बाबांनी ह्या बटणाला बोट लावू दिलं नाय मला. म्हटलं, लावून बघू. असतील तिथून धावत येतील."

ती पानाकडे वळली. "जेवा सावकाश."

मग लेकीला म्हणाली, "कावळा राहू दे आता. माझं गाणं शोध."