पद्माकाकूंचं मत

"टिकला की टिकवला, काका?" निनादने उभं राहून विचारलं, आणि बालाजी घाटाजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या.

सिनेमा नुकताच संपला होता. साठ वर्षांपूर्वी इथल्याच घाटांवर काढलेला, काळा-पांढरा, जाणकारांनी डोक्यावर घेतलेला. नरहरराव दरवर्षी तो मंडळात दाखवत. विद्यापीठातली उभी हयात त्यांनी हा सिनेमा शिकवण्यात घालवली होती, त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आणि त्यातली पायरीवर बसलेली आठ वर्षांची मुलगी म्हणजे त्यांची बायको, हे बनारसमधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. पद्माकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मंडळाने मघाशीच पांघरवलेली शाल सावरत.

"सच बोलूँ तो," निनाद म्हणाला. तो नुकताच विद्यापीठात शिकवायला लागला होता. "अख्ख्या सिनेमात त्या विधवेला एक वाक्य नाही. गरीब माणसं नुसती उभी आहेत, देखाव्याला. आज एखाद्या नव्या पोराने हे काढलं असतं, तर आपण इंटरव्हललाच उठून गेलो असतो. दरवर्षी आपणच दाखवतो, आपणच टाळ्या वाजवतो, आणि वर म्हणतो, बघा, टिकला!"

"आणि त्या मुलीची नजर?" नरहररावांचा आवाज चढला. "ती गंगेकडे बघत बसते आणि एकदम पायऱ्या चढून धावत सुटते. अरे, त्या एका धावेत सबंध देशाचं पोरकेपण आहे! एवढ्या एका शॉटसाठी मी या माणसाला शंभर सिनेमे माफ करीन."

"मग काकूंनाच विचारू या. काकू, तुम्हाला कसा वाटतो हा सिनेमा?"

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. पद्माकाकूंना गंमत वाटली. दिग्दर्शक कसा होता, थंडी होती का, फ्रॉक कुणाचा होता, असं सगळं लोकांनी आजवर विचारलं होतं. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं; उत्तर चुकलं असेल तर चुकलं म्हणायची त्यांना सवय होती.

"लांबलाय," त्या म्हणाल्या. "अर्धा तास कापला तरी कुणाचं काही बिघडणार नाही."

हॉलमध्ये खसखस पिकली. नरहरराव हसले नाहीत.

"आणि ती नजर?" निनादने विचारलं.

"मला शू लागली होती."

क्षणभर कुणाला हसावं की नाही तेच कळेना.

"सकाळपासून एकाच पायरीवर बसवलं होतं. मी दोनदा सांगितलं. दिग्दर्शक म्हणाले, बस पाँच मिनट, बेटी. त्यांना सूर्यावर ढग यायला हवा होता. मी पाण्याकडे बघत बसले. आता पाण्याकडे बघत बसलं की आणखीच लागते! शेवटी नाही राहवलं, सुटले पळत. कॅमेरा चालू होता, हे मलाच मुळी सिनेमा लागल्यावर कळलं."

मग मात्र हॉल खदखदून हसला. निनादने टाळी वाजवली. "देखा! हेच म्हणत होतो मी."

"तू नको एवढा खूश होऊस," पद्माकाकू त्याच्याकडे वळल्या. "तो नावाडी ओली दोरी गुंडाळतो, ते बघितलंस? नाही ना? तू मोबाइलमध्ये होतास. त्याच्या हाताकडे बघ एकदा. सिनेमा चांगलाच आहे. लोक म्हणतात तेवढा नाही, आणि लोक म्हणतात तिथे नाही."

नरहरराव माइकजवळच उभे होते. "शू लागलेल्या मुलीत त्याला एवढं दिसलं, हीच तर प्रतिभा," ते म्हणाले खरे, पण आवाजातला जोर गेला होता. मग त्यांनी माइक बाजूला केला. "पद्मा, लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली. एकदा तरी सांगायचंस."

"तुम्ही एकदा तरी विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्ही मला समजावून सांगत होतात, माझ्या डोळ्यांत काय होतं ते. एवढं रंगून सांगायचात की मी ऐकत बसायचे."

लोक हसायचे थांबले. कुणी चप्पल शोधू लागलं, कुणी खिडकीकडे बघू लागलं. नरहररावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मधुरा," त्यांनी लॅपटॉपपाशी बसलेल्या मुलीला हाक मारली, "तो शॉट परत लाव गं."

दिवे मालवले. नरहरराव माइकजवळच्या आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. पहिल्या रांगेत येऊन ते बायकोशेजारी बसले.

पडद्यावर ती मुलगी पाण्याकडे बघू लागली, गुडघे घट्ट जुळवून. आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग नरहररावांचे खांदे हलू लागले. या सिनेमाला त्यांना हसताना पद्माकाकूंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनाही हसू आवरेना.

मुलगी ताडकन उठली आणि धावत सुटली.

"मग? पोचलीस का वेळेवर?" डोळे पुसत नरहररावांनी विचारलं.

"नाही."

त्यांचं हसू तिथेच थांबलं. पडद्यावरची मुलगी फ्रॉकचा घोळ मुठीत धरून पायऱ्या चढत होती. ती गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत नरहरराव तिच्याकडे बघत राहिले, ओळखीचं एखादं लेकरू नीट घरी पोचतंय ना, हे बघावं तसे.