फोटोतला दगड

धर्मसिंगनं धाकट्या भावाला हळदीच्या सरीत उताणं पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि कुऱ्हाड उचलली. त्याआधी बाबूसिंगनं थोरल्याचे दोन दात पाडले होते, त्यामुळे सुरुवात कुणी केली हा वाद मिटलेला होता. उरला होता फक्त दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्याचा.

धुऱ्यावरचा हद्दीचा दगड रस्ता करताना जेसीबीनं उचलून नेला होता. दगड लिंबाच्या झाडाच्या अलीकडं होता की पलीकडं, यावर लिंब कुणाचा ते ठरणार होतं.

"माझ्याकडं फोटो हाय," धर्मसिंग रक्त थुंकत म्हणाला. "तीन सालाखाली हळदीवर करपा पडला तवा मोबाइलातल्या 'शिवार कट्ट्या'वर माह्या वावरातल्या पानाचा फोटो टाकला व्हता, शेतकऱ्यायला औषध इचाराया. मागं दगड दिसतो."

"मंग दाखव की!"

धर्मसिंगचे दोन्ही हात कुऱ्हाडीत गुंतलेले. म्हणून त्याच्या खिशातला मोबाइल खाली पडलेल्या बाबूसिंगनंच काढला आणि आपल्या बायकोकडं फेकला.

मिना पदर नाकापर्यंत ओढून धुऱ्यावर उभी होती. थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, ही तांड्याची रीत. कुऱ्हाड निघाली म्हणून रीत बदलत नाही.

"विचारा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली, "काय लिवून शोधू?"

"काय लिवून शोधू म्हणून राहिली," बाबूसिंग कुऱ्हाडीखालून म्हणाला.

"हळद लिव म्हणावं."

कट्ट्यावर हळद शोधली तर आधी कुणाच्या तरी लग्नाची हळद निघाली. मग हळदीचं दूध. मग आखाडा बाळापूरला ट्रॅक्टर विकणे आहे. 'जुनं आधी' दाबलं की कालचं वर यायचं. एक पान मागं गेलं की सगळं पहिल्यापासून. बोट चुकलं तर कुंकू जाणार होतं, म्हणून मिना जपून दाबत होती. वर कुऱ्हाड थरथरायला लागली.

"हात दुखत आसंल तर खाली ठिव," बाबूसिंग म्हणाला.

"खालीच ठिवतो. तुह्या नरड्यावर."

तेवढ्यात कट्ट्यानं मिनाला बाहेर काढलं. परत आत यायचं तर गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या: लहानपणीचा जिवलग मित्र कोण? मिनानं नवऱ्याला विचारलं. नवऱ्यानं वर विचारलं.

धर्मसिंगनं भावावरची नजर लिंबाकडं वळवली.

"बाबूसिंग," तो शेवटी म्हणाला. "तेच लिव म्हणावं."

कट्टा उघडला. 'हळदवाला' या नावानं धर्मसिंगनं जन्मात टाकलेली एकुलती एक पोस्ट समोर आली. करपलेलं पान. पानामागं दगड. दगडाच्या पलीकडं लिंब. मिनानं मोबाइल दोघांना दिसेल असा धरला.

धर्मसिंगनं कुऱ्हाड बाजूला ठेवली.

"लिंब तुहा हाय, बाबू. चुकलं माह्यं." त्यानं भावाच्या तोंडावरची माती आपल्या बाहीनं पुसली. गुडघा मात्र छातीवरच राहिला. उतरायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मिना खालचं वाचत होती. "विचारा त्यांना, हा 'बळीराजा' कोण हाय? लिवलंय, दादा, औषध पंपाला चौपट टाका, घाबरू नका."

"त्यालाच तर हुडकून राहिलो तवापासून," धर्मसिंग म्हणाला. "टाकलं चौपट. समदी हळद जळाली. बैलजोडी इकली मी त्याच्यापायी."

बाबूसिंग हसला. जीव वाचल्यावर माणूस कशालाही हसतो.

"आरं, बळीराजा म्हंजी मीच की! तो हळदवाला तू व्हतास व्हय?"

धर्मसिंगचा हात बाजूच्या कुऱ्हाडीकडं गेला. हळदीत एकच आवाज झाला.

मिनाच्या हातातल्या मोबाइलवर चौकट उघडली: हे उत्तर उपयोगी पडलं का?

"विचारा त्यांना," ती सवयीनं म्हणाली.

मधला माणूस विचारेना.

मग तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि थोरल्या दिराच्या तोंडाकडं पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "उत्तर उपयोगी पडलं का?"