एका व्होल्टातून सव्वा

"चिपचा नुसता कारखाना बदललाय, सर्किट तेच. कॉपी-पेस्टला आठ दिवस कशाला?" टिळेकर सर सगळ्यांसमोर कडाडले. "क्लायंटला मी कळवलंय, आमच्या पोरीला जमत नाहीये."

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फळ्याचा मार्कर त्यांच्यापुढे आपटला.

"सर, तुमचं बँडगॅप सर्किट उन्हात-थंडीत बरोबर सव्वा व्होल्ट देतं, कबूल. पण नव्या कारखान्याच्या चिपला वीजच मिळते एका व्होल्टची. शेराच्या मापातून सव्वाशेर काढून दाखवा, मी आत्ता राजीनामा देते!"

सरांनी तावातावाने मार्कर उचलला, आपलं जुनं सर्किट फळ्यावर झरझर काढलं, आकडे मांडले. हात एका व्होल्टपाशी येऊन थांबला.

"मग... कसं करायचं?" फळ्याकडे बघतच त्यांनी विचारलं.

"सांगते," शाल्मली म्हणाली. "आधी क्लायंटला फोन लावा. स्पीकरवर."