उजवा गुडघा

"गड्या, बढतीपायी बावीस वर्षं गुडघा लपवलास. आता निवृत्तीच्या तपासणीत तरी बोल! कागदावर आलं न्हाई, तर उद्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात म्हणतील, हे फौजेतलं दुखणंच न्हवं," आधीच निवृत्त झालेल्या पाटणच्या गुंडा सुभेदारांनी फोनवरून तिसऱ्यांदा बजावलं. रांगेतल्या हवालदार शंभूराजनं मनात घोकलं, 'उजवा गुडघा. जिना चढवत न्हाई.'

नंबर आला. डॉक्टर मेजरसाहेबांनी मान वर न करताच विचारलं, "काही त्रास?"

शंभूराजच्या टाचा आपोआप जुळल्या आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "नो सर!"

झालं! बावीस वर्षांचं दुखणं एका सलामात बुडालं.

 

मेजरसाहेबांनी कागदावरचं 'जिल्हा सातारा' वाचलं, पेन खाली ठेवलं. "साताऱ्याचे सगळे 'नो सर'च म्हणतात, आणि लंगडत जातात. कुठला गुडघा, डावा की उजवा?"