यान उतरवायचं नाही

"लिहा वहिनी," चिंतामणी म्हणाले. "यान खाली उतरू लागलं."

अंबिकाबाईंनी वहीवरून पेन उचललं. "हे नाही लिहायची मी."

सतराव्या मजल्यावरची दुपार होती. लालबागची जुनी चाळ पाडून त्याच जागी ही इमारत उभी राहिली, आणि चाळकऱ्यांना त्यात घरं मिळाली. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत असतील, पण आवाज इथवर येत नव्हता. खिडकीत नुसतं पांढरट आभाळ, आणि त्यात समोरच्या बांधकामाची क्रेन. ती इतकी हळू फिरत होती की थोडा वेळ बघितलं तर क्रेन थांबलेली आणि खोलीच फिरते आहे असं वाटावं.

टेबलावर 'पलीकडे'चा एकशे शहाण्णवावा अंक होता. विज्ञानकथांचं वेड लागलेल्या काही गिरणी कामगारांनी आणि कारकुनांनी पन्नास वर्षांपूर्वी हे हस्तलिखित सुरू केलं. तीन महिन्यांनी एक अंक, प्रत एकच, ती घरोघर फिरायची. त्यातलं शेवटचं पान अंतराळयानाच्या गोष्टीचं. ते पाळीपाळीने एकेकाने लिहायचं, आणि यानातले प्रवासीही हेच लोक, आपापल्या नावाचे. दुसऱ्याच्या पानातलं एक अक्षरही कुणी खोडायचं नाही. जो लिहायचा थांबेल त्याचा प्रवासी यानातल्या काचेच्या खोलीत झोपेल, आणि यान कुठे उतरलं तरच उठेल.

त्यांच्यातल्या नानांनी एकदा यान उतरवलं होतं, ऐन गिरणी संपाच्या वर्षी. तेव्हा काचेच्या खोल्या रिकाम्याच होत्या. पुढच्या अंकात रमाकांतने 'यान फक्त पाणी भरायला थांबले होते' असं लिहून ते परत वर नेलं. लोक महिनाभर हसत होते. त्यानंतर कुणी उतरवायच्या भानगडीत पडलं नाही.

आता नाना झोपले होते, रमाकांतही. एकूण एकेचाळीस जण. जागे दोघंच.

आजची पाळी चिंतामणींची. त्यांच्या डोळ्यांत आता फक्त उजेड आणि सावली उरली होती. म्हणून ते नवव्या मजल्यावरून लिफ्टने वर आले होते. ते सांगत होते आणि अंबिकाबाई लिहीत होत्या. बाईंचं अक्षर मोठं, रेघेबाहेर जाणारं. चाळिशी उलटल्यावर त्यांच्या नवऱ्याने, धोंडूने, याच अंकांवर बोट ठेवून त्यांना शिकवलेलं.

"पाळी माझी आहे वहिनी. मी सांगेन ते लिहावं लागेल."

"नानांनंतर कुणी उतरवलं नाही, तुम्हालाच काय घाई? चांगलं चाललंय की."

"रविवारी मुलगी न्यायला येतेय. नाशिकला. हे माझं शेवटचं पान."

"तिकडून फोनवर सांगा. मी लिहीन."

"फोनवर कुणी यान चालवतं का?" चिंतामणी हसले, मग थांबले. "पुढच्या अंकात तुम्हालाच मला झोपवावं लागणार. मग एवढ्या मोठ्या यानात तुम्ही एकट्या जाग्या."

"मला सवय आहे."

"मला नाही ना. मला झोप कशी लागेल?"

अंबिकाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. क्रेन फिरत होती, किंवा खोली.

"ह्यांना झोपवून बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "माझ्याच पानात झोपवलं. गोधडी घातली होती अंगावर."

"आठवतंय. सगळे विचारत होते, यानात गोधडी आली कुठून?"

"घरून आणलेली."

"तसंच उत्तर दिलं होतंत तेव्हा."

बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. "काचेत वय वाढत नाही, असं तुम्हीच कधीतरी लिहून ठेवलंय. हे उठतील ते बासष्टचे. आणि मी बघा ही अशी. ओळखणारसुद्धा नाहीत मला. त्यापेक्षा झोपलेत ते बरं. येता-जाता बघता तरी येतं."

चिंतामणी त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळले.

"तुम्ही गोधडी लिहिलीत," ते म्हणाले, "पण चष्मा लिहिला नाहीत."

"म्हणजे?"

"धोंडूचा चष्मा घरीच राहिला. त्याशिवाय त्याला समोरचा बाप्या की बाई तेही कळायचं नाही. तुम्हाला तो आवाजावरूनच ओळखायचा. आणि आवाज कुठे बदललाय? मला आंधळ्याला विचारा."

"काहीतरीच तुमचं भावजी," बाई म्हणाल्या. पण पेन खाली आलं. सावकाश, एकेक अक्षर काढत त्यांनी लिहिलं, 'यान खाली उतरू लागलं.' आणि शाई वाळेपर्यंत त्या वाक्याकडे बघत राहिल्या.

"पुढे सांगा."

"ढग मागे पडले. खाली जमीन दिसली. हिरवी, मऊ."

"लिहिलं."

"यान टेकलं. कुणाला धक्कासुद्धा बसला नाही. दार उघडलं, आत हवा आली. चांगली होती."

बाईंनी तेही लिहिलं. खोलीत फक्त कागदावर फिरणाऱ्या पेनाचा आवाज होता.

"मग काचेच्या खोल्यांची दारं एकेक करून..."

"थांबा भावजी," अंबिकाबाई घाईने म्हणाल्या. "एवढ्यात नका उठवू."

"आता काय राहिलं?"

"आधी तिथे खाली दूध मिळतं का ते लिहा. डोळे उघडल्या उघडल्या चहा मागतील हे."